फायर ब्रिगेडमधला मुलगा सांगून आलाय, घरचे घाबरतायत. अशा माणसाबरोबर संसार कसा असतो?

तू लिहिलंयस की बडोद्याचा मुलगा सांगून आलाय, महापालिकेच्या फायर ब्रिगेडमध्ये आहे, तुला पसंत आहे पण आई म्हणते रोजचा जिवाला घोर कशाला लावून घेतेस. मी हा संसार पंधरा वर्षं करतेय, तेही बडोद्यातच, म्हणून उत्तर देते. वयाने लहान असशील असं धरून अगंतुगं करतेय, राग मानू नकोस. ह्यांचं स्टेशन कुठलं ते मात्र लिहीत नाही, इथे ओळखीतले फार आहेत, दांडिया बाजारात शिंकलं तर रावपुऱ्यातून कोणी तरी "सत्य" म्हणतं.

पहिलं म्हणजे रोज आग नसते. लग्नाआधी मलाही वाटायचं की रोज शिडी लावून खिडकीतून माणसं काढत असतील. निम्मे कॉल असले की लिफ्टमध्ये आजी अडकल्या, पावसात झाड रिक्षावर पडलं, गाय गटारात पडली, मांजर पाइपात. सोसायटीत मगर आली तरी लोक १०१ लावतात, खरं तर ते काम वनखात्याचं, पण मगरींच्या विश्वामित्री नदीकाठी राहणाऱ्या माणसाला त्या वेळी कुठलं खातं सुचणार. आमची लेक लहान असताना हे घरी आले की पहिला प्रश्न, "पप्पा, आज कुठलं जनावर?" आणि इथल्या गुजराती पेपरात फायरमनला 'लाश्कर' लिहितात, सासूबाई पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना सांगायच्या मुलगा लाश्कर आहे, त्यांना वाटायचं मिलिटरीत आहे, आणि सासूबाईही ते दुरुस्त करायच्या नाहीत.

दुसरं, कॅलेंडर. हे कोणी आधी सांगत नाही म्हणून सांगते. जो सण सगळ्यांचा तो तुझा नाही. लक्ष्मीपूजनाच्या रात्री नवरा घरी ही गोष्ट विसर, त्या रात्री भंगाराच्या वखारी, गच्चीवर वाळत घातलेल्या गाद्या, कुणाची गॅलरी, असे कॉलवर कॉल असतात. अनंत चतुर्दशीला हे कृत्रिम तलावावर दुसऱ्यांचे गणपती बोळवत उभे, आमचा दीड दिवसाचा गणपती दीर बोळवून येतात. नवरात्रात गरब्याच्या मैदानावर बंबाजवळ. उत्तरायणात, म्हणजे इथल्या पतंगांच्या संक्रांतीला, तर विचारूच नकोस, अख्खं बडोदं गच्चीवर आणि हे बांबू घेऊन झाडावर मांज्यात अडकलेल्या घारी नि कबुतरं सोडवतायत. आम्ही तिळगूळ १६ तारखेला वाटतो, वासी उत्तरायण, म्हणजे दुसऱ्या दिवशीचे पतंगही उरकल्यावर. पहिली दोन वर्षं मी रडले, तिसऱ्या वर्षापासून सण एक-दोन दिवस पुढे ढकलला, आता मुलांना तीच खरी तारीख वाटते.

आता तुझ्या आईच्या भीतीबद्दल. भीती बरोबर आहे, पण ती आगीची आहे, आणि मला विचारशील तर आगीपेक्षा धुराला भ्यायला हवं, तोही घरी येतो त्या धुराला. मला आता ह्यांच्या वासावरून कॉल ओळखता येतो. पुठ्ठ्याचं गोदाम असेल तर चुलीसारखा वास, त्याचं काही वाटत नाही. मीटरची पेटी असेल तर वायरीचा. टायर असतील तर तीन अंघोळींनंतरही मानेच्या मागे, कानाच्या पाळीत वास राहतो, उशीच्या अभ्र्याला लागतो. आणि सोफा-गाद्यांचा फोम जळला असेल तर एक कडवट वास, तो आला की मी आधी विचारते डोकं दुखतंय का, मळमळतंय का. कारण फोमच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड तर असतोच, वर सायनाइडचा वायूही असतो, आणि हा मोनॉक्साइड रक्तात ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो. माणूस चालतबोलत घरी येतो नि म्हणतो जरा थकलोय.

तू म्हणशील तोंडाला मास्क असतो ना, पाठीवर सिलिंडर असतो. असतो, ह्यांच्या भाषेत बीए सेट. पण तो आग पेटलेली असताना. आग विझली की मग ढिगारा उपसून पाणी मारत बसायचं, त्याला हे लोक कूलिंग म्हणतात, ते कधीकधी रात्रभर चालतं, सिलिंडर तोवर संपलेला, उकडत असतं, ज्वाळा दिसत नाहीत म्हणून सगळे मास्क काढून मोकळे. आणि धूर तर तेव्हाही निघतच असतो. शिवाय काजळी कातडीतूनही आत जाते, विशेष करून मान, जबडा, जिथे घाम असतो तिथे. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवर काम करणाऱ्या संस्थेने फायरमनचं कामच कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं, ज्या गटात तंबाखूचा धूर नि ॲस्बेस्टॉस आहेत. म्हणजे प्रत्येकाला होणार असं नाही हं, पुरावा पक्का आहे इतकंच, पण मी ते वाचलं त्या दिवशी बाजारातून एक लाल बादली आणली.

ह्या बादलीवरून घरात महाभारत झालं. नियम असा की डांगरी, म्हणजे कामाचा अंगभर पोशाख, स्टेशनवरच बदलायची, अंघोळ तिथेच करून यायचं, आणि तरी जे कपडे येतील ते दाराबाहेरच्या लाल बादलीत, घरच्या कपड्यांत मिसळायचे नाहीत, लेकीच्या फ्रॉकबरोबर तर नाहीच. सासूबाई म्हणाल्या, "नवऱ्याच्या कपड्यांना शिवायचं नाही, हे कुठलं सोवळं?" ह्यांनाही ते फार लागलं, कारण काळं तोंड घेऊन घरी येण्यात ह्या लोकांना एक ऐट असते, जितकी काजळी तितका मोठा कॉल. पंधरा दिवस अबोला. मग एकदा मी काही न बोलता पांढरा नॅपकिन ओला करून अंघोळ झालेल्या माणसाच्या मानेवरून फिरवला नि सासूबाईंपुढे ठेवला. काळाकुट्ट. त्या उठल्या, बादली उचलून स्वतःच साबण घातला. आता त्या शेजारणीला सांगतात ही माझी पद्धत आहे.

काळजी करायची वेळ येते, नाही असं नाही. २०२४ च्या ऑगस्टच्या शेवटी विश्वामित्री चढली तेव्हा आम्ही बडोद्याच्या समा भागात, तळमजला पाण्यात, लाइट नाही, फोन बंद पडत आलेला, आणि हे तीन दिवस शहरात दुसरीकडे बोटीवर. शेजारचे एक काका मला जिन्यात ऐकवून गेले, घरात फायरवाला असून आपल्याकडे बोट येत नाही. तिसऱ्या दिवशी बोट आली, तीत हेच होते, पण आमच्यासाठी नाही, समोरच्या बिल्डिंगमधल्या डायलिसिसच्या आजोबांना न्यायला. वर बघितलं, दुधाच्या दोन पिशव्या मी दोरीला बांधून सोडलेल्या टोपलीत टाकल्या आणि गेले. मी इतकी चिडले होते की दूध नासेपर्यंत तापवलं नाही. आता हसू येतं, तेव्हा नाही आलं.

आणि काही दिवस असे असतात की विचारायचं नसतं. १८ जानेवारी २०२४, हरणीच्या तलावात बोट उलटून बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. त्या रात्री उशिरा आले, जेवले नाहीत, झोपलेल्या लेकीला उठवून उगाच पाणी पाजलं आणि दिवा न मालवता बसून राहिले. मी चहा ठेवला नि बाजूला बसले, बस. अशा वेळी बोलतं करायचा हट्ट करू नकोस, पण महिनाभर झोप उडालेली दिसली तर डॉक्टरकडे न्यायचं, ओढून न्यायचं.

दर १४ एप्रिलला स्टेशनवर दोन मिनिटं शांत उभे राहतात. १९४४ ला त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन नावाच्या जहाजात, कापसाच्या गाठी आणि दारूगोळा एकाच ठिकाणी भरलेला, आग लागून स्फोट झाला नि ६६ फायरमन गेले. मी पहिल्यांदा गेले तेव्हा घाबरले होते, आता तिथल्या बायकांशी सगळ्यात जास्त गप्पा त्याच दिवशी होतात, कुणाच्या सासूला कुठली बादली चालते वगैरे.

तर मुलाला भेटशील तेव्हा दोन गोष्टी विचार. नोकरी कायम आहे की कॉन्ट्रॅक्टवर, कारण काही झालं तर मागे राहणाऱ्याच्या हातात काय पडतं ते त्यावर ठरतं, आणि विम्याच्या कागदावर नॉमिनी कोण ते लग्नानंतर लगेच बदलून घे, लाजू नकोस. दुसरं, कॉलवरून आल्यावर अंघोळ कुठे करतो. यावर तो हसेल, सगळे हसतात. हसू दे, बादली तू आण.