महापालिकेच्या परदेश अभ्यासदौऱ्यांतून नागपूरला खरंच काही मिळतं का?

मिळतं, पण कोण जातं त्यावर आहे सगळं. पदाधिकाऱ्यांचा आठ दिवसांचा 'अभ्यास' बहुतेकदा फोटोंपुरताच उरतो. ठरलेल्या विषयावर दोन शहरांचे अभियंते बसले, तर गोष्ट वेगळी.

युरोपीय संघाच्या शहर-सहकार्य कार्यक्रमात नागपूरची जोडी जर्मनीतल्या कार्ल्सरुहेशी जुळली होती. ही जोडी मला आवडते, कारण 1992 पासून त्या शहराची ट्राम थेट रेल्वेच्या रुळांवरून शेजारच्या गावांपर्यंत धावते. आपल्याकडे वर्धा, रामटेक, नरखेडकडे ब्रॉडगेज मेट्रोची चर्चा झाली, तेव्हा हाच प्रश्न होता: एकाच रुळावर मालगाडी, एक्स्प्रेस आणि लोकल कशी बसवायची? विजेचा दाब, सिग्नल, फलाटांची उंची, तिकिटाचे पैसे कुणी किती घ्यायचे, हे असलं पत्रकात सापडत नाही भाऊ, तिथे जाऊन चालवणाऱ्यांनाच विचारावं लागतं.

आणि आपण फक्त शिकायलाच जायचं असं थोडंच आहे! भांडेवाडीला शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं, त्यामुळे तेवढं धरणाचं पाणी वाचतं. पाणीटंचाईच्या कुठल्याही शहराने हे येऊन पाहावं.

खर्चाबद्दल शंका असेल तर माहितीच्या अधिकारात दोनच गोष्टी मागा: दौऱ्याचा अहवाल, आणि गेलेला अधिकारी आज त्याच विभागात आहे की बदलून गेला. दुसऱ्या उत्तरातच बरंच कळेल.