पोलिसांना गावात बोलावून नशामुक्तीचा कार्यक्रम घेतला, तर खरंच फरक पडतो का?

तुम्ही लिहिलंय की जालना जिल्ह्यातल्या तुमच्या गावात दहावी-बारावीची चार-पाच लेकरं 'बटण' म्हणतात त्या झोपेच्या गोळ्या आणि हुंगायच्या पंक्चरच्या सोल्युशनच्या नादी लागलीत. २६ जूनला, अमली पदार्थविरोधी दिनाला, ठाण्यातून साहेबांना बोलावून शाळेत कार्यक्रम घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. मी मराठवाड्यातच तीस वर्षं पोलीस खात्यात काढली आणि सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. असे कार्यक्रम किती केले याची मोजदाद नाही. तुम्ही जरूर घ्या. पण पोरांना मैदानात बसवून नुसतं भाषण ठेवणार असाल, तर हाती फार काही लागणार नाही.

आमचा कार्यक्रम ठरलेला असायचा. हार-तुरे, साहेबांचं अर्धा-पाऊण तास भाषण, शपथ, फोटो, चहा. कुठली गोळी बाजारात काय नावाने मिळते हेही आम्ही माईकवरून सांगायचो. पुढच्या रांगेतल्या सातवीच्या पोरांना ते नाव त्या दिवशी पहिल्यांदा कळायचं. ही चूक आमची एकट्यांची नव्हती. अमेरिकेत १९८३ साली लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी शाळांमध्ये 'डेअर' नावाचा मोठा कार्यक्रम सुरू केला. गणवेशातले पोलीस वर्गावर जाऊन शिकवायचे. नव्वदच्या दशकात त्याची तपासणी झाली, तेव्हा पोरांच्या नशेवर त्याचा टिकाऊ परिणाम जवळपास दिसला नाही, आणि पुढे त्यांना अभ्यासक्रमच बदलावा लागला. नुसती माहिती देणं आणि भीती घालणं यांनी काम होत नाही, हे आता संयुक्त राष्ट्रांचं अमली पदार्थ कार्यालय आणि जागतिक आरोग्य संघटनाही सांगतात.

मग मी 'जरूर घ्या' का म्हणतो? एका गावातला प्रसंग सांगतो. कार्यक्रम संपला होता, साहेब जीपमध्ये बसले होते. खुरपणीवरून तशीच आलेली एक बाई माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "साहेब, लेकराचं नाव सांगितलं तर धरून नेताल का त्याला?" माझ्याकडं उत्तर तयार नव्हतं. "ठाण्यात या, बघू," एवढंच म्हणालो. ती आली नाही. दिवाळीनंतर मोबाईल चोरीत एक पोरगा सापडला. त्याच्या मागोमाग ती ठाण्याच्या दारात उभी राहिली, तेव्हा मला तिची ओळख पटली. पाऊण तासाच्या भाषणात आम्ही सगळं सांगितलं होतं, फक्त तिला हवं होतं ते सांगितलं नव्हतं.

ते उत्तर कायद्यात होतं. अमली पदार्थांसाठीचा एनडीपीएस कायदा १९८५ चा आहे. त्याच्या कलम ६४-अ प्रमाणे, स्वतः सेवन करणारा किंवा अल्प प्रमाणात माल सापडलेला व्यसनी आपणहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर त्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्ध्यात सोडले तर ही सूट काढून घेता येते. नुसत्या धंद्यासाठी विकणाऱ्याला मात्र ही सवलत नाही. अठरा वर्षांखालच्या लेकराला डॉक्टरच्या सांगण्यावाचून नशेचा पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. हा फरक आईबापांना कळला तरच ते तोंड उघडतात.

म्हणून माझा सल्ला असा की लेकरांच्या आधी आया, बाप आणि दुकानदार यांना बसवा. जागा शाळेची नको, देवळासमोरची किंवा समाजमंदिराची घ्या. वेळ संध्याकाळची, रानातून माणसं परतल्यावरची.

मेडिकलवाल्यांना तर वेगळं निमंत्रण द्या. २०२३ साली पैठणच्या एमआयडीसीत केंद्रीय यंत्रणेनं मोठा साठा धरला, २०२५ साली तुळजापूरचं एमडीचं (मेफेड्रोन या अमली पदार्थाचं) प्रकरण राज्यभर गाजलं, आणि लोकांना वाटू लागलं की नशा म्हणजे कोट्यवधींचा माल. खेड्यात ती बहुतेक वेळा झोपेच्या गोळ्यांच्या पाकिटातून येते. 'बटण' म्हणतात ती बहुधा नायट्राझेपाम असते. ती आणि तशीच दुसरी गोळी अल्प्राझोलाम, दोन्ही औषधं शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे औषध नियमांतल्या कडक नियंत्रणाच्या यादीत आहेत. डॉक्टरची चिठ्ठी असल्याशिवाय ती देता येत नाहीत. शिवाय डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव आणि किती दिली हे वेगळ्या नोंदवहीत लिहून ती वही तीन वर्षं जपावी लागते. अन्न व औषध प्रशासनाचे निरीक्षक ती वही तपासू शकतात. पोलिसांसोबत त्यांनाही बोलवा. पंचक्रोशीतल्या दुकानदारांसमोर एकदा या वहीचा विषय निघाला, तरी पुष्कळ काम होतं.

सोल्युशनचं दुखणं वेगळं आहे. ते एनडीपीएसमध्ये बसत नाही, म्हणून पोलिसाचे हात आखडतात. एम्सच्या २०१९ च्या देशव्यापी पाहणीत मोठ्यांपेक्षा लहान मुलांत जास्त आढळलेली नशा हुंगण्याचीच होती. १० ते १७ वयोगटात १.७ टक्के, मोठ्यांत ०.५८ टक्के. हुंगताना हृदयाची लय बिघडून पहिल्याच वेळी जीव जाऊ शकतो. पंक्चरवाला आणि स्टेशनरीवाला आपल्याच गावचे असतात. शाळकरी पोराला एकावर एक ट्यूब द्यायच्या नाहीत, एवढं ग्रामसभेत त्यांच्या तोंडून वदवून घ्या. कायद्याची वाट बघू नका.

आता एक गोष्ट कळकळीनं सांगतो, कारण ती न कळल्यानं लेकरं दगावू शकतात. पोरगं गोळ्या घेतंय हे कळल्यावर बाप त्याला मारतो आणि चार दिवस खोलीत कोंडून ठेवतो. बरेच दिवस रोज घेतलेल्या या गोळ्या एकदम बंद झाल्या, की झटके येऊ शकतात. त्या डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू कमी कराव्या लागतात. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात किंवा संभाजीनगरला घाटी या सरकारी रुग्णालयात न्या. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. विकणाऱ्याची खबर द्यायची असेल तर १९३३ वर नाव न सांगताही देता येते.

पोलिसांना अर्ज द्याल तेव्हा त्यात एक तारीख लिहू नका, तीन लिहा. जून, पोळ्यानंतर एक, दिवाळीनंतर एक. मोठे साहेब एकदाच येतील, त्यांचा मान ठेवा. पण पुढच्या दोन वेळा तुमच्या बीटचा, म्हणजे तुमच्या गावाची जबाबदारी असलेला अंमलदार हवा. त्याला आणि पोलीस पाटलाला गावातलं घर न् घर माहीत असतं, आणि बाया त्याच्याशी बोलायला धजतात. शक्य असेल तर महिला अंमलदार मागून घ्या.

आणि कार्यक्रमात कुणी विचारलं नाही, तर तुम्हीच उभे राहा आणि त्या बाईचा प्रश्न विचारा: नाव सांगितलं तर धरून नेताल का? उत्तर माईकवरून, सगळ्या गावासमोर घ्या.