जनुकीय समुपदेशनानंतर घरच्यांशी बोलणंच इतकं अवघड का होतं?

कारण आनुवंशिक आजाराच्या चाचणीचा रिपोर्ट एकाचा असतो, पण माहिती सगळ्या घराची. एखाद्या बाईत बीआरसीए-१ या जनुकातला, स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढवणारा घातक बदल सापडला, की तिच्या प्रत्येक सख्ख्या भावंडात तो असण्याची शक्यता साधारण ५० टक्के. आता हे बहिणीला सांगायचं कुणी? आणि तिला ते जाणूनच घ्यायचं नसेल तर? हंटिंग्टन हा मेंदू हळूहळू निकामी करणारा, अजून बरा न होणारा आनुवंशिक आजार. त्याचं जनुक १९९३ मध्ये सापडलं, चाचणीही आहे. तरी धोका असलेले बहुतेक जण ती करून घेत नाहीत. याला मी भित्रेपणा म्हणणार नाही.

दुसरी अडचण आकड्यांची. थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक असलेल्या, म्हणजे स्वतः आजारी नसून तो बदल बाळगणाऱ्या जोडप्याला मूल आजारी असण्याची शक्यता '२५ टक्के' सांगितली, की ते ऐकतात, 'चारांतलं एक. आमचं एक झालं, म्हणजे पुढची तीन सुखरूप.' तसं नसतं. प्रत्येक गरोदरपणात डाव नव्याने मांडला जातो.

अपराधीपणा मात्र आकड्यांनी जात नाही. 'हे तुमच्या घराण्यातून आलं' हे वाक्य एकदा उच्चारलं गेलं की परत घेता येत नाही, आणि थॅलेसेमियात तर ते चूकच, कारण बदल दोघांकडून येतो. समुपदेशकानेही 'यात तुमचा दोष नाही' हे घाईघाईने म्हणू नये. आई रडत असताना ते 'आता पुरे' असं ऐकू येतं. आधी ऐकून घ्यावं.

नातेवाइकांना सांगणं जमत नसेल तर समुपदेशकाकडून त्यांच्यासाठी साध्या भाषेतलं पत्र लिहून मागा. अनेक ठिकाणी ते देतात.