क्वाड्रेटस लंबोरम (क्यूएल) हा स्नायू नेमका कुठे असतो आणि करतो काय?

'क्यूएल आखडलाय' असं तुम्हाला सांगितलं गेलं, रोज स्ट्रेचिंग करूनही कमरेची एक बाजू मोकळी होत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि ही तक्रार मी वारंवार ऐकते.

कण्याच्या दोन्ही बाजूंना हाताला जे जाड उभे पट्टे लागतात, ते म्हणजे क्यूएल नव्हे. हा त्यांच्याही आत, पोटाच्या मागच्या भिंतीत असतो. खाली कमरेच्या हाडाची मागची कड, वर बारावी बरगडी आणि आतल्या अंगाला कमरेच्या पहिल्या 4 मणक्यांची आडवी टोकं, असा तो तिन्हीकडे चिकटलेला असतो. त्याच्या पुढ्यातच मूत्रपिंड.

चाचपून बघायचाय? उभे राहा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधल्या मऊ जागेत, त्या जाड पट्ट्याच्या बाहेरून अंगठा आत दाबा आणि गुडघा न वाकवता त्याच बाजूचा पाय जमिनीवरून किंचित वर ओढा. आत जे टणक होतं, ती त्याची बाहेरची कड.

पुस्तकांत त्याचं पहिलं काम 'कंबर बाजूला वाकवणे' असं दिलेलं असतं. ते बरोबरच आहे, पण रोजच्या हालचालींत तो वाकवण्यापेक्षा वाकू न देण्यासाठी जास्त राबतो. उजव्या हातात भरलेली बादली घेतलीत की डावा क्यूएल ताठतो, नाहीतर धड उजवीकडे कलंडेल. चालताना उजवा पाय उचलला की कमरेचं हाड त्या बाजूला खाली झुकू पाहतं. उजवा क्यूएल ते वरून धरतो आणि डाव्या खुब्याच्या बाजूचा स्नायू, ग्लुटियस मेडियस, पलीकडून सावरतो. खरी मेख इथेच आहे. ग्लुटियस मेडियस कमजोर असेल तर त्याचाही भार क्यूएलवर पडतो. शिवाय श्वास आत घेताना बारावी बरगडी खाली धरून तो श्वासपटलाला (छाती आणि पोट यांच्यामधल्या श्वासाच्या स्नायूला) पक्का आधार देतो.

म्हणून नुसत्या स्ट्रेचिंगने भागत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. तेवढ्यापुरतं बरं वाटतं, मग पुन्हा तेच. गुडघे दुमडून, कोपरावर टेकून साइड प्लँक करा, म्हणजे कुशीवर राहून कंबर जमिनीवरून वर उचला. 10 सेकंद धरा, सोडा. एका हातात वजन घेऊन ताठ चाला. कळ वाढली तर थांबा.

मात्र कूस बदलून किंवा वाकून दुखण्यात काहीच फरक पडत नसेल, ताप असेल, लघवीला जळजळ होत असेल किंवा रक्त दिसत असेल, तर व्यायाम बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा. मुतखड्याची कळही याच जागी येते.