आधीच्या घरमालकाला एक फोन : भाडेकरू पारखण्याबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : कोल्हापुरात राजारामपुरीत आमच्या घराचा वरचा मजला भाड्यानं द्यायचाय. मिस्टर गेल्यापासून मी खाली एकटीच असते. एजंट म्हणतो, आधारची झेरॉक्स घेतली की झालं. खरंच होतं का?

नाही होत, ताई. आधारवरून माणूस कोण ते कळतं, कसा ते नाही. आणि झेरॉक्स तर कशीही निघते. मूळ कार्ड मागा आणि त्यावरचा क्यूआर कोड आधारच्या अ‍ॅपनं स्कॅन करा. नाव-फोटो जुळला की ते काम संपलं.

पुढचं काम फोनचं, आणि त्यात मी स्वतः फसलोय. कळंब्याकडचा माझा फ्लॅट बघायला एक गृहस्थ आले. पगाराच्या स्लिपा, ऑफिसचं ओळखपत्र, सगळं प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये लावलेलं. मी तेव्हाच्या त्यांच्या घरमालकाला फोन केला. "लय चांगला माणूस, डोळे झाकून द्या." पाचव्या महिन्यापासून भाडं थकलं. पुढे त्यांच्या त्याही आधीच्या मालकाची गाठ पडली. ते हसून म्हणाले, "चांगलंच सांगणार की ओ, त्यांना घर रिकामं करून पाहिजे होतं!"

तेव्हापासून मी आत्ताच्या मालकाचं ऐकून घेतो आणि त्याच्या आधीच्या मालकाला विचारतो. तोलून बोलण्याचं त्याला काही कारण उरलेलं नसतं. "माणूस कसा आहे?" असं विचारू नका, त्यावर सगळे "बरा आहे" म्हणतात. भाडं कितव्या तारखेला यायचं, घर सोडताना डिपॉझिटमधून काय कापलं, आणि पुन्हा द्याल का, एवढंच विचारा. तिसऱ्या प्रश्नाला समोरचा थांबला तर तुम्हीही थांबा.

आणखी एक. सध्याच्या घराची शेवटची तीन लाईट बिलं मागा. बिल मालकाच्या नावावर असलं तरी भरतो भाडेकरूच. मागची थकबाकी पुढच्या बिलात छापून येते, ती ओळ बघा. पगाराच्या स्लिपेपेक्षा मला ती ओळ जास्त सांगते. उद्यमनगरात लेथवर काम करणाऱ्या कित्येकांकडे स्लिप नसतेच, पण भाडं मात्र एक तारखेला हातात येतं. स्लिप नाही म्हणून असा माणूस परत पाठवू नका, पासबुक बघा.

प्रश्न : कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आल्यापासून ताराबाई पार्कातल्या आमच्या फ्लॅटला वकिलांची विचारणा वाढलीय. वडील म्हणतात, वकील, पोलीस आणि पत्रकार, तिघांना घर द्यायचं नाही. आपलं मत?

मी स्वतः वकील, तेव्हा माझं मत थोडं चाळूनच घ्या! 18 ऑगस्ट 2025 ला बेंच सुरू झालं, सहा जिल्ह्यांचं काम इथं आलं, आता ही मंडळी राहणार कुठं?

वडिलांची भीती जुन्या काळातली आहे. लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देणारा करार लेखी आणि नोंदणीकृत असेल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 मधलं कलम 24 मालकाच्या बाजूनं आहे. करारात जे लिहिलंय तोच निर्णायक पुरावा. मुदत संपूनही घर सोडलं नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि भाड्याच्या दुप्पट भरपाई मागता येते. हे वकिलाला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं. धंद्यावरून माणूस नाकारण्यापेक्षा वर सांगितलेला फोन करा.

प्रश्न : ओळखीचाच मुलगा आहे. नोटरीचा अकरा महिन्यांचा करार चालेल ना?

नाही. याच कायद्याच्या कलम 55 प्रमाणे करार नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. चुकली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं आधी खरं धरलं जातं. नऊ हजार भाडं, तीस हजार डिपॉझिट असेल तर अकरा महिन्यांना मुद्रांक तीनशेच्या आसपास आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी 1000 रुपये. एवढ्यासाठी घर पणाला लावू नका. पोलिसांकडे भाडेकरूची माहितीही ऑनलाईन भरा. पण पावती हातात आली म्हणजे पोलिसांनी चांगल्या वर्तणुकीचा दाखला दिला, असं नव्हे.

प्रश्न : मी भाडेकरू. सायबर चौकाजवळ रूम बघितली. मालकांनी आधार, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट मागितलं, आणि वर आडनावावरून "तुम्ही नेमके कोण?", "घरात मटण शिजतं का?" असंही विचारलं. सगळं द्यावं का?

आधार द्या, पण मास्क्ड. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. झेरॉक्सवर आडवं लिहा : 'फक्त भाडेकरारासाठी', खाली तारीख. अख्खं स्टेटमेंट कशाला? पगार जमा झालेल्या तीन नोंदी दाखवा, बाकीच्या झाका. करार नोंदवताना आधार नंबर आणि अंगठा द्यावाच लागेल, तो तिथं द्या.

राहिला मटणाचा प्रश्न. तांबड्या-पांढऱ्याच्या गावात हे विचारावं म्हणजे कमालच! घरमालक स्वतः त्याच घरात राहत असतील तर एक वेळ समजू शकतो, तसं स्पष्ट सांगून मोकळं व्हावं. पण "तुम्ही नेमके कोण?" याला माझ्याकडे मऊ उत्तर नाही. ज्या शहरात शाहू महाराजांनी 1901 पासून वेगवेगळ्या समाजांच्या पोरांसाठी बोर्डिंगं उभी केली, तिथं रूम देताना जात चाचपणाऱ्याकडे राहू नये. आज आडनाव विचारलं, उद्या पाहुणे मोजतील. दुसरी रूम बघा.

प्रश्न : शाहूपुरीत तळमजल्याचा फ्लॅट आहे. 2019 आणि 2021 ला पाणी आलं होतं. भाडेकरू विचारत नाही, आपण सांगावं का?

सांगा, आणि भिंतीवर पाणी कुठवर आलं होतं ते हात लावून दाखवा. तुम्ही त्याची चौकशी करताय, तशी तोही शेजारी करणारच. करारात दोन ओळी घाला : पाणी वाढायला लागलं की सामान वरच्या कुठल्या मजल्यावर ठेवायचं, आणि घर बंद राहिलं त्या दिवसांचं भाडं धरायचं की नाही. एवढं ऐकूनही "चालेल, गाडी पंचगंगेची पातळी बघून हलवीन" म्हणाला, तर त्याला चहा द्या.