तो गुण कुणी, कधी, कसा नोंदवला?

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. ईईजीवरून, म्हणजे मेंदूच्या विद्युत तरंगांच्या नोंदीवरून, आयसीयूतल्या रुग्णाच्या गुंगीची पातळी ओळखणारं तुझं मॉडेल चाचणीत छान चाललं आणि दुसऱ्या रुग्णालयाच्या डेटावर कोसळलं. आता ट्रान्सफॉर्मर (आणखी मोठी मॉडेलरचना) लावू की आणखी डेटा मागवू, असं विचारतेस. सध्या दोन्ही नको. तुझ्या तक्त्यातला ‘रास’चा, म्हणजे रुग्णाची अस्वस्थता आणि गुंगी मोजणाऱ्या श्रेणीचा, प्रत्येक गुण कुणी, कधी आणि कसा नोंदवला, ते आधी शोध.

रास +४ (अतिशय अस्वस्थ) पासून −५ (काहीच प्रतिसाद नाही) पर्यंत जातो, पण ते यंत्राचं मोजमाप नव्हे. परिचारिका आधी नुसतं पाहते, मग नावाने हाक मारते. रुग्णाने डोळे उघडून दहा सेकंदांहून जास्त नजर दिली तर −१, त्याहून कमी दिली तर −२, नजर न देता नुसता हलला तर −३. हाकेला काहीच प्रतिसाद नसेल तर खांदा हलवायचा, छातीचं हाड चोळायचं. हालचाल झाली तर −४, नाहीतर −५. म्हणजे −१ आणि −२ मधली सीमा कुणीतरी मनात मोजलेल्या सेकंदांवर ठरते. ती सीमा तुझं मॉडेल काटेकोरपणे कशी ओळखणार? निदान काही रुग्णांचं दोन परिचारिकांकडून, एकमेकींचा गुण न पाहता, पाठोपाठ मूल्यमापन करून घे आणि भारित कप्पा काढ, म्हणजे दोघींचे गुण किती जुळतात आणि चुकतात ते किती दूर, याचं माप. मॉडेलकडून किती अपेक्षा ठेवायची, ते त्यावरून ठरव.

आता ‘कधी’. नोंदींच्या वेळांमधली फक्त मिनिटं घेऊन आलेख काढ. सगळा ढीग शून्य मिनिटावर दिसला तर वेळ गोल केलेली आहे, आणि तुझी ईईजीची खिडकी (त्या गुणासाठी घेतलेला तरंगांचा तुकडा) भलत्याच क्षणावर बसली आहे. मिमिक-४ या आयसीयू रुग्णांच्या खुल्या डेटासंचात निरीक्षणाची वेळ आणि संगणकात नोंद झाल्याची वेळ वेगळ्या ठेवतात. तुमच्या प्रणालीत तशा असतील तर दोन्ही माग. खिडकी मूल्यमापनाच्या आधीची घे. हाक मारल्यावर मेंदू जागा होतो. त्यानंतरचे तरंग घेतलेस तर मॉडेल गुंगीऐवजी ती हाकच शिकेल.

रात्रीच्या नोंदी वेगळ्या काढ. झोपलेल्या रुग्णाला उठवायचं नाही म्हणून मागचाच गुण पुढे उतरवला जातो. गाढ झोपेतही डेल्टा (संथ) तरंग असतात आणि प्रोपोफोल या गुंगीच्या औषधाखालीही. फरक हाकेनेच कळतो, आणि हाक मारलेलीच नसते.

स्नायू शिथिल करणारं औषध चालू असेल तर तो गुण सरळ वगळ. तिथला −५ गुंगीबद्दल काहीच सांगत नाही. रुग्ण आत जागा असू शकतो, वेदना सोसत असू शकतो. अशा वेळी मॉडेलने आकडा न देता ‘सांगता येत नाही’ म्हणायला हवं. याबाबत मी कुणाचंही ऐकणार नाही. केटामाइन हे गुंगीचं औषधही तपास: रुग्ण गुंगीत असतो, पण ईईजीत जलद तरंग वाढतात आणि मॉडेल त्याला जागा समजतं.

चाचणीची विभागणी रुग्णानुसार केलीस का? पत्रात तसं लिहिलेलं नाही, म्हणून मला शंका आहे. एकमेकींवर चढणाऱ्या चार सेकंदांच्या खिडक्या सरमिसळ करून प्रशिक्षण आणि चाचणीत वाटल्या असतील, तर एकच रुग्ण दोन्हीकडे जातो आणि मॉडेल त्याची कवटी पाठ करतं. शिवाय औषधाचा डोसही तू इनपुटमध्ये दिला आहेस. डोस परिचारिकाच रास पाहून बदलते! ईईजी काढून टाक आणि फक्त डोसवर एक साधं मॉडेल चालव. ते तुझ्या मोठ्या मॉडेलइतकंच चाललं, तर तू मेंदू वाचत नाहीस, त्या युनिटची सवय वाचते आहेस. दुसऱ्या रुग्णालयात सवय बदलली की मॉडेल पडणारच.

मला हटवादी म्हणतात. म्हणोत. इतकी हुशार मुलं महिनोन्‌महिने थर वाढवत बसतात आणि गुण कुणी दिला हे एकदाही विचारत नाहीत, याची मला खरोखर हळहळ वाटते. तुझ्यात चिकाटी आहे, म्हणूनच इतकं कडक लिहितो आहे.

चुकांचं वजनही सारखं धरू नकोस. −२ ला −३ म्हणणं आणि जाग्या रुग्णाला −४ म्हणणं यांत फार अंतर आहे. दुसऱ्या चुकीने वेदनेतल्या माणसाकडे दुर्लक्ष होतं. क्रम जाणणारा लॉस (चुकीची शिक्षा मोजणारं सूत्र) वापर, आणि अचूकतेचा एकच आकडा न देता पूर्ण कन्फ्यूजन मॅट्रिक्स, म्हणजे खरा गुण कोणता आणि मॉडेलने कोणता दिला याचा तक्ता, दाखव.

पुढच्या पत्रासोबत मिनिटांचा आलेख, दुहेरी मूल्यमापनाचा तक्ता आणि फक्त डोसवाल्या मॉडेलचा निकाल पाठव. मॉडेलच्या रचनेबद्दल त्यानंतर बोलू.