हिमोग्लोबिन ९ आणि सासऱ्यांची शुगर: घरातलंच काय खावं?

ताई, बाळंतपणानंतर हिमोग्लोबिन ९ च्या वर जात नाही, सासऱ्यांना शुगर आणि बीपी आहे, तर चिया सीड्स आणि क्विनोआ मागवू का, असं तुम्ही विचारलंय. अमळनेरला राहून त्यावर पैसे घालवायची गरज नाही. पण 'आपलं जुनं जेवण खा, सगळं बरं होईल' असंही मी सांगणार नाही. अंगणवाड्यांच्या कामात माझी उमेदीची वर्षं गेली. तिथे एक गोष्ट पक्की कळली. ज्वारी-बाजरीत गुण भरपूर आहेत, पण ते अंगी लागतात की नाही, हे सोबत काय खाल्लं आणि वरून काय प्यायलं यावर ठरतं.

आधी तुमचं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या सोडू नका. ९ वरून वर यायला नुसतं जेवण पुरत नाही. तुमचं माहेर तळोद्याचं, म्हणून सिकलसेलची (रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) तपासणी झाली नसेल तर ती करून घ्या. सातपुड्याच्या पट्ट्यात हा आजार बऱ्याच घरांत आहे आणि सरकारी दवाखान्यात तपासणी होते. रक्त त्यामुळे कमी असेल तर कितीही बाजरी खाल्ली तरी मूळ दुखणं तसंच राहील.

आता ताटाकडे येऊ. मोठ्या बाईला रोज २९ मिलिग्रॅम लोह लागतं. शंभर ग्रॅम बाजरीत सहा-साडेसहा मिलिग्रॅम असतं, ज्वारीत चारच्या आसपास. त्यातलंही शरीर थोडंच शोषतं, कारण धान्यातलं फायटेट लोहाला धरून ठेवतं. म्हणून भाकरीसोबत लिंबू, कच्ची कांद्याची पात, मेथीचा घोळाणा (कच्च्या मेथीची कोशिंबीर), मोसमात पेरू किंवा आवळा असं काहीतरी रोज हवंच. यातल्या क जीवनसत्त्वामुळे लोह शोषलं जातं. आणि जेवून उठताच चहा घेता ना? तो बंद करा, तासाभराने घ्या. आपल्याकडच्या बायकांना मी सांगितलेल्या सगळ्या गोष्टींत हीच सगळ्यात जड जाते, पण फायदाही हिचाच मोठा.

अंबाडीची भाजी आठवड्यातून दोनदा करा. पाला उकडून, पिळून, ज्वारीच्या कण्या आणि तुरीच्या डाळीबरोबर शिजवायचा, वरून लसणाची खमंग फोडणी. लोखंडी कढईत केली तर आंबटपणामुळे कढईचंही थोडं लोह भाजीत उतरतं. भाजी काळपट दिसते, दिसू द्या. झाली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर कळकते. हिवाळ्यात अळिवाचे लाडू चांगलेच. गूळ-शेंगदाणेही खा, पण शेंगदाण्यांसाठी. चमचाभर गुळातून लोह फारसं मिळत नाही. घरात मांस-अंडी चालत नसतील तर रक्तासाठी लागणाऱ्या बी-१२ जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्या. ते धान्य-भाज्यांत नसतं, दूध-दह्यातून थोडं मिळतं.

कळण्याची भाकरी मात्र तुमच्या सगळ्या घराला लागू पडते. चार वाट्या ज्वारीला एक वाटी सालीसकट काळे उडीद. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हा घटक कमी असतो, तो उडीद भरून काढतात, आणि उडदाची उणीव ज्वारी भागवते. साल असल्यामुळे तंतूही जास्त मिळतात. दादर (रब्बीची ज्वारी) मिळाली तर तीच घ्या, भाकरी गोड लागते. एक लक्षात ठेवा: आपल्याकडे दळणातच खडे मीठ घालतात. सासऱ्यांना बीपी आहे, तेव्हा दळण बिनमिठाचं न्या. मीठ पिठात गेलं की ते रोज किती पोटात जातंय याचा अंदाजच राहत नाही. त्यात वर ठेचा, लोणचं, बिबड्या (ज्वारीचे पापड).

ज्वारीने शुगर वाढत नाही असं त्यांना कोणी सांगितलं असेल तर ते खरं नाही. ज्वारीतही पिष्ट असतं आणि तीन-चार भाकरी खाल्ल्या की शुगर चढतेच. दोन भाकरी, वाटीभर डाळ, दुप्पट भाजी असं ताट करा. भरीत त्यांना खुशाल द्या. वांगं हलकं असतं, जड होतं ते तेलाने. घरी वाळक्या काड्यांवर भाजा, बडगीत (लाकडी उखळीत) हिरवी मिरची-लसणाबरोबर ठेचा, कांद्याची पात जास्त घाला आणि तेल चमच्याने मोजून घाला. शेवभाजी महिन्यातून एखादवेळी, कारण शेव म्हणजे तळलेलं बेसन आणि मीठ.

केळ्याबद्दलही तुम्ही विचारलंय. रावेर-यावलच्या केळीपट्ट्याजवळ राहून केळं तोडा म्हणणं जिवावर येतं, आणि पूर्ण तोडायची गरजही नाही. फार पिकलेलं, काळे ठिपके पडलेलं नको. थोडं कच्चट, अर्धं, जेवणावर नव्हे तर मधल्या वेळेला. मात्र शुगर जुनी असेल तर आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघून घ्या. किडनी थकलेली असेल तर केळ्यातलं पोटॅशियम त्रास देऊ शकतं, मग डॉक्टर सांगतील तेवढंच.

तुमचं हिमोग्लोबिन आणि त्यांची तीन महिन्यांची शुगर एकाच वेळी पुन्हा तपासा. तोवर गोळ्यांची वेळ आणि चहाची वेळ लांब ठेवा. रिपोर्ट आले की इथे लिहा, त्याप्रमाणे पुढचं बघू.